उघडी गादी

लेकीनं हट्टानं समुद्राकाठच्या या छोट्या हॉटेलात आणलं. सकाळी उठलो की माझं अंथरूण मीच काढतो. बायकोलाही कधी हात लावू दिला नाही. इथंही काल-आज चादरींच्या घड्या करून गादी उघडी ठेवली. खोली आवरणाऱ्या बाई दारातच थबकल्या.

"आजोबा, मी आवरायला यायच्या आधीच उघडी गादी बघून मालकीणबाई काल मला बोलल्या. म्हणाल्या, तू चादरी घालायला खोलीत फिरकलीच नाहीस. आत्ता त्या फेरीला येतील, आज परत दिसली तर काम जाईल माझं."

"सांगा ना, म्हाताऱ्यानं अंथरूण काढलं."

"सांगितलं. पैसे भरलेला पाहुणा अंथरूण काढतो, हे कुणाला पटतंय?"

कुणाचा भार नको म्हणून जन्मभर जपलं, त्यानंच या बाईच्या पोटावर पाय येत होता. चादरी परत पसरल्या, त्यांच्यावर लोळून चांगल्या चुरगळल्या.

"आता आवरा," म्हणालो आणि समुद्राकडे तोंड करून बसलो. आत बघवेना.