मावसाजींचा बिनदोरीचा नंदी

आमच्या मावसाजींच्या तावडीतून या पृथ्वीतलावरची एकही वस्तू जशीच्या तशी सुटलेली नाही. ब्रह्मदेवाने एखादी वस्तू घडवून, पुसूनबिसून खाली ठेवावी आणि मावसाजींनी ती उचलून "यात जराशी सुधारणा पायजे" म्हणावं, असा त्या दोघांत काहीतरी करार असावा. माझ्या सख्ख्या मावशीचे हे यजमान करडीला राहायचे आणि धानाची शेती करायचे. म्हणजे शेती मावशी आणि गडीमाणसं करायची, मावसाजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून नांगराचं मुळात काय चुकलंय याचा विचार करायचे. त्यांच्या कानावर पेन्सिल आणि खिशात पान्हा कायम असे. लग्नाच्या पंगतीलासुद्धा ते पान्हा घेऊन बसत. एकदा असंच एका पंगतीत त्यांनी भात वाढेपर्यंतच्या वेळात वधूपक्षाची पेट्रोमॅक्स सुधारून दिली आणि पुढचं सगळं जेवण वऱ्हाडाने चाचपडत केलं. मावसाजी मात्र अंधारात शांतपणे म्हणाले, "आता रॉकेल किती वाचून राहिलं पाहा."

घरच्या विहिरीची गोष्ट तर गावात अजून सांगतात. बादली ओढताना मावशीचे हात भरून येतात म्हणून त्यांनी कडबा कापायच्या एका मोडक्या यंत्राची दात्यांची चाकं आणून विहिरीवर बसवली. त्यानंतर बादली खरोखर एका बोटाने वर येऊ लागली. फक्त दांडा इतका वेळ फिरवावा लागे की बादली वर येईपर्यंत चुलीवरची भाजी करपून जाई. "जोर नाही लागत बाप्पा," मावशी म्हणायची, "पण जलम लागते." मावसाजींना ही स्तुतीच वाटे. "हाच तं नियम आहे," ते मला समजावत, "लहान चाकानं मोठं चाक फिरवलं का वेग मरते अन् ताकद वाढते. तुह्या मावशीले ताकद दिसत नाही, तिले उशीरच दिसते."

अशा माणसाच्या हाती मी आपल्या मुलाची रिमोटवर चालणारी जीप दिली, यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी. माझा मेहुणा दुबईला होता. त्याने भाच्यासाठी ती आणली होती. ऐंशी साल उलटून गेलं होतं, तरी आमच्या भंडाऱ्यात तारेवाचून चालणारी गाडी म्हणजे नवलच होतं. चिरंजीवांनी आल्या आठवड्यातच तिला जिन्यावरून उतरवलं आणि तिचं चालणं थांबलं. मी ती करडीला नेली. मावसाजींनी ती उलटी केली, पोट उघडलं, आत पाहिलं आणि एखाद्या श्रीमंत घरचं दारिद्र्य उघडं पडावं तसे हसले. "अरे, बाहेरून एवढी मोठी चाकं अन् आतले दाते पलास्टिकचे! अन् जोर मागच्याच चाकाईले. समोरचे दोघं फुकटचे बाराती." मी विचारलं, दुरुस्त होईल का. ते म्हणाले, दुरुस्त कायले करायची, हिला चढायला शिकवू. त्या क्षणी जीप माझ्या मुलाच्या आयुष्यातून कायमची गेली.

मावसाजींना ती जीप कशासाठी हवी होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर सगळे हसत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी पोरांचे. पोरं चाकांचे लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली आणतात, ओळीत उभे करतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा घेतात, म्हणजे कोणी नाणं हातावर ठेवतं, कोणी बिस्किट. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मावसाजींनी होणाऱ्या पोरासाठी सागवानाचा एक नंदी कोरला होता. पोर झालं नाही. मग दोन नाही, दहा नाही, पुष्कळ वर्षं नंदी कोठीवर बसून राहिला. एके वर्षी मावसाजी त्याला स्वतःच ओढत तोरणाखाली घेऊन गेले, तर पाटील हसत म्हणाले, "बैल झकास आहे भाऊ, पण दोरी धरणारं पोर कुठं आहे?" सगळे हसले, मावसाजीही हसले. त्यानंतर तान्ह्या पोळ्याला त्यांना हटकून शेतात काम निघायचं. मी एकदा म्हटलं, माझ्या मुलाला पाठवतो, तो धरेल दोरी. त्यावर ते म्हणाले, "तुह्या पोराची गाडी घेतली, आता पोरगाही मागू का? दोरी धरायले कोणी नाही तं नाही. माहा बैल एकटा येईन."

तर जीपच्या टपाचं पोट करून त्यावर हा सागवानी नंदी बसवायचा, आणि तो देवळापुढच्या दगडगोट्यांतून आणि पावसाळ्यातल्या चिखलातून आपल्या पायांनी तोरणाखाली न्यायचा, अशी ती योजना होती. नंदी चांगला वर्षाच्या बाळाएवढा जड होता. तेव्हा मोटरीचा जोर चाकापर्यंत नेणारं सगळं काही बदलणं आलं. मावशीच्या माहेराहून आलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडून मावसाजींनी त्यातली पितळी चाकं काढली, आणि तेव्हापासून त्या घरात कशाचीच वेळ झाली नाही. पुढच्या चाकांनाही जोर द्यायला मधे एक दांडी हवी होती. पहिल्यांदा छत्रीची काडी लावली, ती वाकली. मग सायकलचा आरा लावला, तोही वाकला. शेवटी माझ्या बायकोची स्वेटर विणायची सुई कामी आली. माझं स्वेटर पाठीपर्यंत आलं होतं, ते तिथेच राहिलं. सेल रेडिओतले आणि टॉर्चमधले. मावशीची भजनं बंद पडली आणि रात्री म्हशीकडे जाताना ती ठेचकाळू लागली, पण नंदीची एरियल त्याच्या शेपटीतून डौलात वर आली.

मग चाचण्या सुरू झाल्या. तलावाच्या पाळीवर दगड बसवलेले होते, तिथे मावसाजी रोज संध्याकाळी नंदीला चढवत. हातात रिमोट, तोंड अर्धवट उघडं, आणि नंदी चढायला लागला की यांची स्वतःचीच मान त्याच्याबरोबर वर जायची. येणारे जाणारे विचारायचे, "काय भाऊ, बैल चारून आणला का?" नंदी मुंगीला लाजवील इतका हळू चालायचा, पण चालायचा. डोक्याएवढ्या दगडाला तो पाय लावायचा, थरथरायचा, विचार करायचा आणि वर जायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्यांदा तो पाळीच्या माथ्यावर पोचला तेव्हा मावसाजी खाली बसले आणि सदऱ्याच्या टोकाने त्याच्या चाकांचा चिखल पुसत राहिले. मावशी घरी मला म्हणाली, "या माणसानं मलेही एवढं नाही पाह्यलं कधी." पण नंदीसाठी जरीची झूल तिनेच शिवली.

आता मावसाजी ते मावसाजीच. पोळा आठवड्यावर आला तशी त्यांनी शेवटची सुधारणा केली. नंदीच्या अंगाला जवसाचं तेल चोळलं. जवस आमच्याकडे घरचंच, आणि त्याचं तेल लाकडावर वाळून काचेसारखी चमक येते हे मावसाजी मला हज्जारदा सांगून चुकले होते. नंदी चमकला. मग वाटीत तेल उरलं. ते फेकायचं कसं, म्हणून त्यांनी ते आतल्या दात्यांना, आसांना, स्वेटरच्या सुईला असं जिथे पोचेल तिथे मायेनं पाजलं आणि नंदीला जुन्या धोतरात गुंडाळून ठेवला. नजर लागू नये म्हणून मधे एकदाही चालवून पाहिला नाही. जे तेल लाकडावर वाळतं ते दात्यांत का वाळणार नाही, हा प्रश्न गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला पडला असता.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी देवळापुढे पोरांचे नंदी ओळीत लागले होते. मी भंडाऱ्याहून मुद्दाम आलो होतो. मावसाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी नंदीभोवतीचं धोतर सोडून तो चौकाच्या तोंडाशी ठेवला. झूल, घुंगरं, शिंगांना बेगड, आणि वेसणीला मुद्दाम दोरी नाही. पोरं आपापले बैल सोडून गोळा झाली. मावसाजी दहा पावलं मागे गेले, रिमोटची एरियल ताणली आणि कळ दाबली. आतून मोटर कण्हली. चाकं हलली नाहीत. जवसाच्या तेलाचा आत गोंद झाला होता आणि चारही चाकं जागच्या जागी चिकटली होती. मावसाजी कळ दाबत राहिले. नंदी कण्हत राहिला. पाटील वाईट माणूस नव्हते, पण त्यांना राहवलं नाही. "भाऊ, बैल बसला तुमचा," ते म्हणाले, आणि सगळा चौक हसला. इतकी वर्षं त्यांच्यावर हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे असायचो, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मावसाजींचा अंगठा कळेवरून निघतच नव्हता.

बायका देवळाच्या ओट्याशी उभ्या होत्या. त्यांच्यातून मावशी निघाली, चिखलातून नीट पाय टाकत नंदीपाशी आली. तिने त्याला पुढे ढकलून पाहिलं, तो नुसता घसरला. मग ती वाकली, पदर खोचला आणि झूल सावरून नंदीला सरळ उचलून कडेवर घेतला. त्याची चाकं तिच्या लुगड्याला काळा चिखल लावत होती. ती तशीच चालत तोरणाखाली गेली, ओळीत दोन पोरांच्या मधे जागा होती तिथे उभी राहिली आणि पाटलांकडे बघून म्हणाली, "लावा आमच्याही बैलाले टिळा." पाटलांनी टोपी नीट केली, ताटातलं कुंकू घेतलं आणि टिळा लावला.

बोजारा मागायला पोरं पांगली तशी मावशीही निघाली, आणि तिच्या मागे, ताणलेल्या एरियलचा रिमोट तसाच हातात धरून, मावसाजी. लोक दारात येऊन नंदीच्या पायावर पाणी घालत होते आणि मावशीच्या हातावर बिस्किट ठेवत होते, आणि ती ते घेत होती. दोनतीन घरं झाल्यावर मावसाजी हळूच म्हणाले, "दे माह्याजवळ, जड झाला असन." मावशीने नंदी या कडेवरून त्या कडेवर घेतला. "राहू द्या," ती म्हणाली, "तुम्ही ते एरियल खाली करा पहिले, लेकराच्या डोळ्यात जाईन."