अळणी डाळ आणि खारा मासा

माझ्या धाकट्या भावाला मालवाहू जहाजावर खलाशाची नोकरी लागत होती आणि नेमकं मेडिकलमध्ये त्याचं बीपी वर निघालं. वय काय, तर चोवीस! आमच्या धाकटी डहाणू गावच्या बंदरावर जाऊन बसला तो जेवायलाही उठेना. महिनाभराने पुन्हा तपासणार होते. तेव्हाही वरच निघालं तर नोकरी गेली.

डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, "दिवसभर खातोस काय?" हा पठ्ठ्या माझ्याच तोंडाकडे बघायला लागला. मग मीच सांगितलं, थोरली बहीण असते कशाला! तलासरीच्या पुढे कंपनीत पाळीला जायला लागला तेव्हापासूनची सवय. सकाळी वेफर्सचं पाकीट, दुपारी शेवपाव, सुटताना हायवेवर शेजवान राईस, वर थंडा. घरी आला की "भूक नाय". पण त्याला एकट्याला काय बोलणार! सगळीच पोरं तशी खातात. पाळ्याच तशा वेड्यावाकड्या, आणि नाक्यावर मिळतं तेवढंच.

"घरात कुणाला बीपी होतं?" बाईंनी विचारलं. आमचे वडील अर्धांगवायूने गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचं बीपी कधी कुणी बघितलंच नव्हतं. मी हे सांगत होते तेव्हा आई पदराशी चाळा करत खाली बघत होती. बाईंनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, पाकिटं बंद, मीठ कमी.

त्या दिवसापासून आईने मिठाची बरणी माळ्यावर टाकली. डाळ अळणी, भाजी अळणी, सगळ्यांनाच. भावाने वेफर्स सोडले, खरंच सोडले. मित्र चिडवायचे, "काय रे, पेशंट, आज काय डब्यात?" तरी बिचारा डबा न्यायचा. माझा जीव तुटायचा त्याच्यासाठी.

मध्येच एकदा बीपी बघून घेतलं, तर काही फरक नाही! रडकुंडीलाच आला. मी खेकसले, "चोरून खातोस ना?"

"आईची शपथ, नाय गं ताई."

त्या दिवशी मी त्याच्या ताटासमोरच ठाण मांडलं. आईने डाळभात वाढला आणि निखाऱ्यावर भाजलेल्या खाऱ्या माशाचा चांगला जाडजूड तुकडा बाजूला ठेवला.

"अगं आई, हे काय?"

"मासा."

"खारा आहे ना तो!"

"मग? मी मीठ कुठे घातलं? पोराला अळणी डाळ उतरत नाय, म्हणून जरा जास्त देते."

आता हसावं की कपाळ बडवावं! आजार रेड्याला आणि औषध पखालीला. हीच बाई स्वतःच्या हाताने मासा चिरून त्याच्या पोटात मुठीने मीठ भरते, मिठाने तिच्या बोटांना भेगा पडल्यात. पण आमच्याकडे ते मीठ कुणी मीठ म्हणून मोजतच नाही. जेवणातलं मीठ वेगळं, मासा टिकवायचं वेगळं. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या तेव्हा आम्ही भावंडं त्या माशावरच वाढलो, मग तिला कुठल्या तोंडाने बोलू? मी हळूच समजावलं. तिने तुकडा ताटातून उचलला आणि चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली.

पुढच्या तपासणीत तो पास झाला. आईने देवापुढे नारळ फोडला, मी तर रडलेच. बाईंनी मात्र सांगितलं, हे आता जन्मभर जपायचं.

तो निघाला त्या दिवसाची गोष्ट. आमच्यात समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत घरचा खारा मासा बांधून देतात. आईने चटणी बांधली, तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या आणि पिशवीची गाठ मारली. भाऊच म्हणाला, "आई, एवढासा तुकडा दे ना. शकुनाचा."

"नाय."

खायच्या वस्तूला आईने कुणाला नाही म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. भाऊ हसायला लागला. "अगं, एका तुकड्याने काय होतंय?"

"तुझ्या बापाला मी कधीच नाय म्हटलं नव्हतं," आई म्हणाली.