करणी नव्हती, खाटीक पक्षी होता!

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, तरी लिहिते.

आमच्या येलहंकातल्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून कागदी लिंबाचं झाड होतं. आज सकाळी सेक्रेटरींनी ते तोडायला लावलं.

गेल्या आठवड्यात कुणाला तरी त्याच्या काट्यांवर एक सरडा आणि काही नाकतोडे खुपसलेले दिसले. लगेच ग्रुपवर बोंब, कुणीतरी करणी केलीय! मी तिथेच लिहिलं की हे खाटीक पक्ष्याचं काम आहे. त्याच्या पायांत शिकार दाबून धरायची ताकद नसते, म्हणून तो ती काट्यात अडकवून फाडतो आणि उरलेली नंतर येऊन खातो. व्हिडिओसुद्धा टाकला.

आज भाजी घेऊन परतले तर झाड आडवं. फांद्यांखाली घरटं चिरडलेलं, अंडी फुटलेली.

"व्हिडिओ बघितला होतात ना?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"बघितला हो अक्का. पक्षीच आहे, माहितेय मला. पण लोक घाबरतात. बिडी." कानडीत बिडी म्हणजे सोडून द्या. " दुसरं झाड लावू."

तेवढ्यात तो पक्षी चोचीत नाकतोडा घेऊन आला. झाड होतं तिथे घिरट्या घातल्या, मग भिंतीवरच्या काटेरी तारेवर बसला आणि नाकतोडा त्या तारेत खुपसला.

"आता भिंत पाडा," मी म्हटलं. सेक्रेटरी आत गेले.

माहीत नसणाऱ्याला समजावता येतं हो. माहीत असून कुऱ्हाड चालवणाऱ्याचं काय करायचं, सांगा?