दिनकरशेठचा चष्मा

भूतबाधा, करणी, उतारा... यातलं काहीही मी मानत नाही. आजही मानत नाही. भद्रावतीला माझं चष्म्याचं छोटं दुकान आहे. माणसाला धूसर दिसत असेल तर त्याला कारण असतं, आणि ते भिंगानं नाहीतर ऑपरेशननं दूर होतं – एवढ्या एका गोष्टीवर माझं घर चालतं. तरीही हे लिहितोय, कारण एका माणसाच्या बाबतीत ते कारण मला, चंद्रपूरच्या डॉक्टरांना आणि नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनाही सापडलं नाही. शिवाय माझा राग अजून गेलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

यूनुसभाई आणि मी चंद्रपूरला एकाच दुकानात काच घासायला शिकलो. तो अहेरीचा. पुढे गावी परतून त्यानं बाजाराच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. आठवडी बाजाराला जंगलातल्या गावांतून माणसं यायची. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, मग अक्षरांचा तक्ता काय कामाचा? यूनुसभाई ताटलीत तांदूळ घ्यायचा, त्यात बारीक खडे टाकायचा आणि म्हातारीपुढे सरकवायचा. "आजी, खडे येचा." खडे सापडेपर्यंत भिंगं बदलत राहायचा. म्हातारी कनवटीला हात घालायला लागली की हा उठून तिला दारापर्यंत सोडायचा – "दिसून राह्यलं ना? झालं तं मंग. बस सुटते तुही."

"दुकान टाकलंस की धर्मशाळा?" असं मी त्याला नेहमी विचारायचो. तो नुसता हसायचा.

त्याच गावात दिनकरशेठचंही चष्म्याचं दुकान होतं. मोठं, काचेच्या दाराचं. यूनुसभाईमुळे आपलं गिऱ्हाईक तुटतं, हे शेठचं जुनं दुखणं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. महाशिवरात्रीला चामोर्शीजवळच्या मार्कंड्याची जत्रा होती. यूनुसभाई दरवर्षी तिथे फुकट डोळे तपासायला बसायचा आणि मी भद्रावतीहून मदतीला जायचो. शेठचं गॉगलचं दुकान आमच्या शेजारीच लागलं होतं. भर दुपारी एका बाईच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता यूनुसभाई थांबला. छातीला हात लावला. आणि माझ्या अंगावर कलला.

वडाखाली शेठची जीप उभी होती. मी धावत गेलो. आत डोकावून पाहिलं – एक घडी घातलेली ताडपत्री, बाकी गाडी रिकामी.

"शेठ, चामोर्शीच्या दवाखान्यापर्यंत सोडा फक्त."

"मले माल भराचा हाय," शेठ म्हणाला. "अन् रस्त्यात काही झालं तं पोलिसाचं लफडं माह्या मागं काऊन?" त्यानं किल्ली खिशात टाकली आणि एका पोराला गॉगल दाखवायला लागला.

मी त्याचे पाय धरले. तो पाय सोडवून बाजूला झाला.

शेवटी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर दिला. जत्रेची गर्दी, ट्रॉलीचे हादरे... यूनुसभाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. चामोर्शी दिसायला लागली तेव्हा ते जड झालं. दुसऱ्याला चाळिशी लावणारा माणूस, स्वतःला चाळिशी लागायच्या आत गेला.

यूनुसभाईच्या बायकोला, नसरीनभाभीला, मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती रडली नाही. "गाडी खाली होती?" एवढंच तिनं विचारलं. रिकामीच होती, मी म्हणालो.

पुढे अहेरीच्या शाळेत शोकसभा झाली. आणि अध्यक्ष कोण? दिनकरशेठ! पांढरा सदरा, हातात लिहून आणलेलं भाषण. आमचा उमदा सहकारी, दीनदुबळ्यांचा डोळा, असं बरंच काही वाचून झालं. मी मागे बसून दात आवळत होतो. मग तो वाचू लागला, "मी तात्काळ माझी गाडी काढली, परंतु दैवाच्या..."

आणि गप्प झाला. चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला. शेजारच्याचा मागून लावून पाहिला. लोकांना वाटलं, शेठला हुंदका आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पण मी डोळ्यांचाच धंदा करतो, मला ओलावा ओळखता येतो. तिथे टिपूसही नव्हतं. शेठला दिसत नव्हतं.

काही महिन्यांनी तो माझ्या दुकानाची पायरी चढला. दाढी वाढलेली, पोरीचा हात धरलेला. चंद्रपूर झालं होतं, नागपूर झालं होतं. डोळे स्वच्छ, नस चांगली, मोतीबिंदू नाही. नंबरही जुनाच. आणि तरी कुठलाही चष्मा चढवला की समोर पांढरं होत होतं. काढला तर जन्माचं धूसर होतंच, त्याचा नंबरच तेवढा मोठा.

मी तपासलं. मन लावून तपासलं, कारण मला खात्री करून घ्यायची होती की हा खरंच भोगतोय. ट्रायल फ्रेममध्ये एकेक भिंग टाकत गेलो.

"आता?"

"दूध सांडल्यावानी दिसते."

तेच भिंग त्याच नंबरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावलं तर त्यानं शेवटची ओळ घडाघडा वाचली. मला काय वाटलं ते लपवत नाही... मला आनंद झाला.

"ज्याच्यावर भाषण केलं त्याच्याच दुकानात जा," मी म्हणालो. "भाभी चालवते आता. चला, मीच नेतो."

माझ्या मनात काळंच होतं. भाभीनं त्याला चार लोकांत थुंकून हाकलावं आणि ते मी डोळ्यांनी पाहावं, यासाठी मी भद्रावती ते अहेरी एस.टी.चे धक्के खाल्ले.

भाभी काउंटरमागे फ्रेमचे स्क्रू आवळत होती. तिनं शेठकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, खुर्चीकडे बोट केलं. शेठ उंबरा ओलांडून आत आला, सवयीनं खिशातला जुनाच चष्मा काढून नाकावर ठेवला.

"दिसते!" तो ओरडला. "मले दिसते!"

त्याच्या अगदी समोर, भिंतीवर, हार घातलेला यूनुसभाईचा फोटो होता.

तो पोरीला सांगायला रस्त्यावर उतरला. तिथे परत पांढरं. आत आला, स्वच्छ. बाहेर, पांढरं. मी स्वतः त्याचा हात धरून आत-बाहेर नेलं आणि शेवटी मला हसू आवरेना. तो रडत होता आणि मी हसत होतो.

"हाकला याला, भाभी," मी म्हणालो.

"काऊन? बसू द्या, सुधीरभाऊ. गिऱ्हाईक हाय. याच दुकानात दिसते ना त्याले? मंग इथीच बसू द्या."

तेव्हापासून दिनकरशेठ रोज तिथे यायला लागला. स्वतःच्या दुकानाची बिलं, पेपर, पोरीच्या लग्नाची पत्रिका... जे काही वाचायचं ते यूनुसभाईच्या बाकावर, यूनुसभाईच्या फोटोखाली. भाभी त्याला चहासुद्धा द्यायची.

एकदा मी मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी गेलो. लांबच्या गावाहून एक म्हातारी आली होती. शेठशेजारी बाकावर टेकली आणि विचारू लागली, "आमचा यूनुसभाऊ कुठी हाय जी?"

"गेला तो, आजी."

"अगं माय! कसा गेला?"

भाभीनं हातातली फ्रेम खाली ठेवली. "शेठले विचारा. ते होते तिथी."

शेठनं घसा खाकरला. "छातीत कळ आली त्याच्या."

"मंग गाडीघोडा नाई भेटला?"

दुकानात तीन-चार माणसं होती. सगळी त्याच्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता तो मालाची गोष्ट काढणार.

"होती गाडी," तो म्हणाला. "माही होती. खाली होती. मी देल्ली नाई."

म्हातारीनं आपली पिशवी उचलली आणि बाकावरून उठून खाली फरशीवर जाऊन बसली.

शेठ भाभीकडे वळला. "बोललो मी. साऱ्यासमोर बोललो. आता तरी..."

"पाहा ना मंग बाहेर जाऊन."

तो उतरला. रस्त्यात उभं राहून त्यानं चष्मा सारखा केला, बाजाराकडे तोंड केलं. आम्ही सगळे दारातून पाहत होतो.

"दिसते का?" भाभीनं विचारलं.

"नाई."

"बरं. उद्या या," ती म्हणाली आणि म्हातारीपुढे तांदळाची ताटली सरकवली.

शेठ पुढे जगला तितकी वर्षं तिथे येत राहिला. असं का व्हायचं, हे मला अजूनही सांगता येत नाही. वाचकांत कुणी डोळ्यांचे डॉक्टर असतील, आणि त्यांना याचं कारण माहीत असेल, तर जरूर कळवा. उपाय माहीत असेल, तर मात्र तुमच्यापाशीच ठेवा.