उकळत उकळत उरणला

"ओ शेठ, झाकण उघडू नका. अहो, उघडू नका म्हणतोय ना!"

तुर्भ्याच्या रस्त्यावर एक माथाडी (बाजारात पोती वाहणारा हमाल) हात हलवत माझ्याकडे पळत येत होता. मी रेडिएटरचं झाकण फडक्यात धरून पाऊण फिरवलं होतं. उरलेला पाव फेरा झाकणानं आपला आपण घेतला. ते आकाशात गेलं आणि त्याच्यामागून तपकिरी पाण्याचा असा खांब उठला, की न्हावा शेव्याला उभ्या असलेल्या बोटींनी तो इशारा समजून भोंगे वाजवले. भोंगे मी माझ्या कानांनी ऐकले. ते मागं अडकलेल्या ट्रकांचे होते असं बायको म्हणते, पण ती तिथं नव्हती.

तिथं होते तिचे वडील. म्हणजे माझे सासरे, आमचे मामा. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मांडीवर चकचकीत कागदात बांधलेला आहेर. साल एकोणीसशे नव्वदीतलं, महिना ऑक्टोबरचा, ऊन असं की डांबरावर पापड भाजावा. आम्ही घरून, बोनकोड्याहून, निघून जेमतेम अर्धा तास झाला होता आणि जायचं होतं उरणच्या अलीकडच्या एका गावात, इस्माईलभाईंच्या धाकट्या मुलीच्या निकाहाला.

हे इस्माईलभाई आणि आमचे मामा लाल गाड्यांच्या पनवेल डेपोत जोडीचे मिस्त्री. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा दोघं एकाच बसखाली उताणे पडले होते. तिथंच, तोंडावर ग्रीस गळत असताना, मामांनी शब्द दिला की पोरीच्या निकाहाला मी हजर असेन. निकाह दुपारच्या नमाजानंतर, दोन वाजता. मामा त्यासाठी साताऱ्याहून आले होते आणि सकाळी म्हणाले होते, "मी आपला बसनं जातो." मीच हट्ट धरला. घरात सोळा वर्षं दुसऱ्यानं वापरलेली पण आम्ही नवीनच घेतलेली गाडी असताना सासऱ्यानं बसनं जायचं, तर आम्ही व्यापाऱ्यांनी बटाटा मार्केटात तोंड कसं दाखवायचं?

ते तोंड आता बटाटा मार्केटापासून हाकेच्या अंतरावर तपकिरी पाण्यानं निथळत होतं. माझ्या ओळखीचे बावीसजण जमले. मी ही गोष्ट सांगताना कधीकधी दोनशे म्हणतो. प्रत्येकानं बॉनेटमध्ये डोकं घालून निदान केलं. कुणी म्हणालं पट्टा सैल, कुणी म्हणालं पाण्याचा पंप गेला. मी सगळ्यांना बाजूला सारून जाहीर केलं की पाणीच कमी होतं, इंजिन हा माझा विषय आहे. मामा खाली उतरले. शांतपणे चालत गाडीच्या पुढं गेले आणि देवळात उभं राहावं तसे हात मागं बांधून जाळीसमोर उभे राहिले. बराच वेळ. मी म्हटलं, "मामा, जरा बाजूला व्हा, वारा अडतोय." मामा बाजूला झाले.

माथाड्यानं दोन बादल्या पाणी ओतलं. झाकण एका कोबीच्या टेम्पोत सापडलं.

उरण फाट्यापर्यंत मी मामांना इंजिन कसं चालतं ते समजावून सांगितलं. तीस वर्षं बसगाड्या उघडून बसवलेल्या माणसाला मी पाणी कुठून कुठं फिरतं ते हातवारे करून दाखवलं. ते "व्हय का" म्हणत होते. तेवढ्यात तापमानाचा काटा पुन्हा लाल रेषेला टेकला. काटा खोटं बोलतोय असं मी म्हणेपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ आली. वाफेला खोटं बोलता येत नाही, म्हणून थांबलो.

फाट्यावर एका झाडाखाली गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक खाट, एक जॅक आणि बनियनवरचा एक मेकॅनिक.

"टेन्शन नको घेऊ बॉस," तो म्हणाला. "थर्मोस्टॅट जाम झालाय. काढून फेकू."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. इंजिन निवायला पाऊण तास गेला. झडप त्यानं काढली, माझ्या हातात ठेवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की वरचं झाकण बसवताना मधलं पॅकिंग फाटलंय. "जाड कागद पायजे. पुठ्ठ्यासारखा." मी मोठ्या मनाचा माणूस. डॅशबोर्डवर निकाहाची पत्रिका होती, चांगली जाड, सोनेरी काठाची. दिली. त्यानं ती कात्रीनं गोल कापली, ग्रीस फासलं आणि नटबोल्टाखाली आवळून टाकली.

मामांनी कात्रीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा जाऊन गाडीच्या पुढं उभे राहिले. निकाहाची वेळ आता इंजिनात होती आणि थोड्याच वेळात तिथं उकळू लागणार होती.

बंदराच्या रस्त्याला लागलो आणि मला वाटलं, सुटलो. एका बाजूला तिवरांची झाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची चौकोनी आरशांसारखी पाणी धरलेली शेतं. मिठाचे ढीग उन्हात असे चमकत होते की डोळे मिटून गाडी चालवावी. पुढं कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक, घरं पाठीवर घेऊन निघालेल्या गोगलगाईंसारखे. त्या रांगेत आम्ही अडकलो. एक वाजला. काटा चढला. मामांनी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. मग आहेर मांडीवर सारखा केला.

शेवटी इंजिन स्वतःच थांबलं. रस्त्याच्या कडेला एक आगरी बाई मासळीची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती, गावाकडं जाणाऱ्या रिक्षेची वाट पाहत. मी पाणी मागितलं. तिनं समोरच्या घरातून हंडा आणून दिला आणि पुन्हा पाटीवर बसली. मी बॉनेट उघडून वरून पाहत होतो, दोन ट्रेलरवाले वरून पाहत होते. तीन कर्ते पुरुष वरून पाहत होतो.

बाई खाली बसली होती. तिचे डोळे जाळीच्या उंचीवर होते.

"दादा," ती म्हणाली, "या गारीचं (गाडीचं) नाक कनाला (कशाला) बांधलंस?"

मी वाकून पाहिलं. जाळीच्या मागं, रेडिएटरच्या पुढं, काळ्या रेक्झिनचा पडदा. चारी कोपरे तांब्याच्या तारेनं आवळलेले. गाठी ओळखीच्या वाटल्या, कारण त्या माझ्याच होत्या. पावसात पंखा पाणी ओढून इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवर उडवतो आणि गाडी बंद पडते, म्हणून जूनमध्ये असा पडदा बांधायचा आणि पाऊस संपला की काढायचा, ही जुन्या गाडीवाल्यांची रीत. त्यातला पहिला अर्धा मी मन लावून पाळला होता. रेडिएटरला वारा म्हणून लागत नव्हता. बिचारी गाडी तोंडावर उशी दाबल्यासारखी उरणला निघाली होती.

"म्हावरं (मासळी) झाकलं तरी जरा फट ठेवतात," बाई ट्रेलरवाल्यांना म्हणाली. ते हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

पक्कड नव्हती. तारा मी दातांनी सोडवल्या, हे मात्र अजिबात वाढवून सांगत नाही. पुढचा एक दात त्याला साक्षी आहे, अर्धा.

पडदा निघाला आणि काटा जो खाली बसला तो वर आलाच नाही. गाडी अशी पळाली की ट्रेलर उभे आहेत असं वाटलं. ते खरंच उभे होते. तरी गावात पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि मांडवात निकाह लागून खारकाही वाटून झाल्या होत्या.

इस्माईलभाई दारातच उभे होते. पांढरी दाढी, नवा सदरा, आणि अजून जेवलेले नव्हते. "काझींना अर्धा तास थांबवला, मिस्त्री," ते म्हणाले. "पुढं त्यांना दुसऱ्या गावाला जायचं होतं." मामांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग मुलगी आतून आली, मामांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं आणि आहेर दिला. मी तोवर बंदरावरच्या ट्रॅफिकची एक जबरदस्त हकीकत जुळवली होती. त्यात तीन ट्रेलर उलटले होते आणि एक क्रेन होती. ती सांगायला तोंड उघडलं आणि मामांकडं बघून पुन्हा मिटलं.

जेवण झालं. तांदळाच्या रोट्या, मटण आणि शेवटी सांदण (तांदळाचा वाफवलेला गोड, मऊ पदार्थ). मटणाला अर्धा दात चालेना. हात धुताना इस्माईलभाई मला कौतुकानं सांगू लागले, "तुमचे सासरे म्हणजे काय चीज आहे ठाऊक आहे? डेपोच्या फाटकातून बस आत येताना बघूनच सांगायचे, ही घाटात तापणार. एकदा चुकले नाहीत." मी पाणी हातावर घेतलं ते घेतच राहिलो.

परतीला ऊन कललं होतं. मिठागरांवर तांबूस उजेड होता आणि गाडी माठातल्या पाण्यासारखी थंड चालली होती. माणूस लांबलांबचे प्रवास करतो, नवे मुलूख बघतो. मी तीस किलोमीटर गेलो आणि एवढंच बघून आलो की जो सगळा रस्ता माझ्या शेजारी बसला होता, त्याला मी एक शब्दही विचारला नव्हता. तुर्भं मागं पडलं. बोनकोड्याच्या वळणावर मी गाडी हळू केली.

"मामा, तो पडदा तुम्हाला सकाळीच दिसला होता ना?"

"दिसला की."

"मग बोलला का नाहीत?"

मामांनी टोपी काढली, मांडीवर झटकली, पुन्हा घातली.

"मला वाटलं, तुमी काय तरी इचार करूनच बांधला असंल."