न मागितलेलं पान

पोथीबुवा वाईट जागी वाचन कधी थांबवत नसत. गोष्टीत कुणी मेलं, कुणी वनवासाला निघालं, की त्यांची मान खाली जाई आणि आवाज भरभर पुढं धावे. लग्न, बारसं नाहीतर देवदर्शन आलं की मगच ते पोथी मिटत. ऐकणाऱ्यानं घरी अमंगळ घेऊन जाऊ नये, ही त्यामागची रीत. गुरवाच्या घरातला म्हातारा माणूस. श्रावणात तलवाड्यातल्या घराघरांतून त्यांना बोलावणं असे. उरलेलं वर्ष ते माझ्या दुकानाच्या ओट्यावर काढत.

त्यांच्या हातात कादंबरी दिली ती मीच. नगरला कापूस घालून परतताना एका पुस्तकवाल्याशी हुज्जत घालून विकत घेतलेल्या पंचांगावर ती फुकट मिळवली होती. निजामाच्या हद्दीत शिरताना नाक्यावरच्या जवानानं विचारलं, "ये क्या है?" मराठी छापील कागद दिसला की त्यांना संशय येई. मी म्हणालो, "पोथी है." म्हणून ती लाल फडक्यात बांधून आणली, आणि गावानंही तिला पोथीच मानलं. बुवांनी हळदकुंकू वाहिलं, बायकांनी पुढं पसाभर ज्वारी ठेवली. ही एका राजकन्येची आणि घोडेस्वाराची गोष्ट आहे हे कळायला तीन दिवस लागले. तोवर सगळ्यांना गोडी लागली होती.

मला मोडी येई, कचेरीपुरती उर्दू येई. छापील बाळबोध मात्र अडखळत. म्हणून गिऱ्हाईक करता करता मीही ऐके. खरं तर गोष्टीपेक्षा बुवांकडंच बघे. बागेत दोघांची भेट झाली की ते पानावर पंजा ठेवत, बोटांच्या फटीतून आधी स्वतः वाचून घेत आणि गालात हसत.

"बुवा, एकट्यानंच गोड खाता व्हय?" बायका म्हणत.

"दोघं बोलली," बुवा सांगत. "बरं बोलली."

कपटी दिवाण घोडेस्वाराला गोड बोलून फसवू लागला तेव्हा बुवा पुस्तकालाच समजावू लागले. "लेकरा, नको जाऊ. त्याच्या बोलण्यावर जाऊ नको." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यो दिवाण लई आपल्या सावकारावाणी बोलतोय."

सगळा ओटा हसला. मी हसलो नाही. डोक्यावर मिठाची पोती वाहून मी ते दुकान उभं केलं होतं. ते बोलणं मनात राहिलं.

चार दिवसांनी, उन्हं कलताना, माल उतरवायला तेलगावच्या गाड्या दारात आल्या. नेमका तेव्हाच घोडेस्वार भाला लागून नदीकाठी पडला. बुवांचा आवाज धावू लागला.

"बास करा आता," मी म्हणालो.

"पडलाय त्यो, सावकार. अशा जागी थांबू न्हाई."

"पुस्तक माझं हाय. उठा."

मी ते त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं. बुवा म्हणाले, "बरं." लाल फडक्याची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पायरी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. ते मागायला येतील, मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा देईन. पुस्तक हाताशीच ठेवलं होतं. बोलावणं मात्र धाडलं नाही.

पुढं ते चकलांब्याला लेकीकडं गेले आणि तिथंच तापानं गेले. जावई मीठ न्यायला आला तेव्हा म्हणाला, "ताप चढला की इचारायचे, त्यो उठला का, त्यो उठला का. आमाला वाटायचं, बैलाचं इचारत्यात."

तो गेल्यावर मी पुस्तक उघडलं. अक्षरावर बोट ठेवत, एकेक शब्द जुळवत वाचलं. घोडेस्वार पुढच्याच पानावर उठतो. चौथ्या ओळीत. घोडा त्याला हुंगतो आणि तो उठून बसतो.

बुवांचा मला अजून राग येतो. आयुष्यभर ज्याच्या ज्याच्याशी बोललो त्यानं त्यानं माझ्याशी घासाघीस केली. मिठासाठीसुद्धा लोक तीनदा पायरी उतरले आणि तीनदा चढले. या एका माणसानं माझा पहिलाच शब्द शेवटचा धरला. त्यांनी म्हणायचं होतं, "सावकार, एकच पान." मी नाहीच म्हणालो असतो. मग त्यांनी पुन्हा म्हणायचं होतं.