सुभेदारकाकांचं शून्य

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तक्रार न करणारा माणूस एकच, खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड सुभेदारकाका. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी कप रिकामा करून "ठीक है" म्हणणार. जानेवारीत गीझर बिघडला तर गारठलेल्या पाण्याने आंघोळ करून काकूंना "आज पाणी छान होतं" सांगणार. खरं सांगतो, मला या माणसाचा रागच यायचा. आतड्याला पीळ पडला तेव्हाही दोन दिवस "गॅस आहे" म्हणत फिरले, आणि शेवटी पोट उघडावं लागलं.

ऑपरेशन नीट झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या बाजूला एक बारीक नळी बसवली. तिच्यातून नसा बधिर करणारं औषध झिरपायचं. दुखलं नाही तर काका खोकतील, खोल श्वास घेतील. नाहीतर कफ साचून न्यूमोनिया, असं बाईंनी बजावलं होतं. नर्स विचारायची, "अंकल, दर्द शून्य से दस में कितना?" काका म्हणायचे, "शून्य." पहिल्या दिवशी ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पलटणीचे जुने कर्नलसाहेब भेटायला आले, आणि साहेबांसमोर आडवं कसं राहायचं म्हणून हा बहाद्दर ताडकन उठून बसला. दुपारी मी सोबतीला बसायला गेलो तर कपाळावर घाम, श्वास वरवरचा, ऑक्सिजनचा आकडा खाली खाली. खोकायचं नाव नाही. नर्सने विचारलं तर पुन्हा शून्यच. माझी तंतरली. कूस बदलायला हात लावला तर चादर ओली. नळी निसटलेली, आणि औषध सगळं गादीला चाललेलं.

"काका, दुखतंय ना?"

"साहेबांसाठी उठलो म्हणून नळी निसटली, असं होईल यार," ते दात आवळून म्हणाले. "राहू दे."

"मग मरा," मी म्हणालो आणि बाईंना आणायला धावलो.

बाईंनी सोनोग्राफीच्या मशीनवर बघत नवी नळी घातली. "अंकल, सच नहीं बोलेंगे तो मैं क्या करूँ?" अर्ध्या तासाने घाम ओसरला, आकडा हळूहळू वर चढला. टाके ताणले जाऊ नयेत म्हणून काकूंनी त्यांच्यावर उशी दाबून धरली आणि काका एकदाचे खोकले.

"जरा हळू धर गं," ते म्हणाले. "दुखतंय थोडं."

नंतर काकू व्हरांड्यात माझ्याशेजारी बसल्या आणि पदराशी चाळा करत राहिल्या.

"आधी किती वेळा दुखलं असेल रे त्यांना," त्या म्हणाल्या. "आणि मी आपली सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले, आमच्या ह्यांना काही होत नाही म्हणून."